किडनीला खुराक

अंड्यांची गाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते, ही ब्राझीलमधल्या आमच्या उबेराबा गावाची रीत. टपावरचा कर्णा ठणाणा करत असतो, तीस अंड्यांचा ट्रे, आजची अंडी, बायांनो बाहेर या, आणि गल्लीतली यच्चयावत कुत्री त्याला साथ देतात. आमच्या वस्तीत ही गाडी बेल्मिरोची. वय पंचेचाळीस, उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच, आणि दंड असे की त्याने खिडकीबाहेर कोपर काढलं की सायकलवाले आपणहून रस्त्याच्या पलीकडे जायचे. हा विकतो निम्मी आणि खातो निम्मी, असं गल्लीत म्हणायचे. निम्मी म्हणजे अगदीच अतिशयोक्ती झाली. पण खायचा खरा.

बेल्मिरो शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत उतरायचा, तोही ‘नैसर्गिक’ गटात. सुया नाहीत, गोळ्या नाहीत, जे कमवायचं ते अन्न आणि लोखंड यांच्या जिवावर. या गटात स्पर्धेआधी माणसाला खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडतात आणि विचारतात, बाबा रे, काही टोचून घेतलंस का? बेल्मिरो त्या यंत्रासमोर दोनदा बसून आला होता आणि दोन्ही वेळा सुटला होता. याचा त्याला पदकापेक्षा जास्त अभिमान. पदक तसं एकच होतं, आणि ते भाग घेतल्याबद्दल सगळ्यांनाच दिलं होतं.

त्यात गाव हे असं. इथे पोराला धड चालता यायच्या आधी बैलाची पाठ पारखता येते. दरसालच्या गुरांच्या प्रदर्शनात गीर आणि नेलोर बैलांच्या मागे हात बांधून हिंडणारी म्हातारी माणसं बेल्मिरोकडेही त्याच नजरेने बघायची. पुढून भरलाय, मागून अजून हलका आहे, असं त्याच्या तोंडावर सांगायची आणि अंडी घेऊन जायची. एकाने तर त्याला दाखवून दिलं होतं की तो समोरचा नेलोर हजार किलोचा आहे आणि जन्मात त्याने गवताशिवाय काही खाल्लेलं नाही. बेल्मिरोचं उत्तर तयार असायचं. बैलाला पोटाचे चार कप्पे असतात आणि दिवसभर रवंथ करायला वेळ असतो, मला गाडी चालवायची असते.

सुया नाहीत म्हटल्यावर सगळा भार आला खाण्यावर. जिमवाल्या वांदेर्लेईने त्याला कधीतरी सांगितलं की स्नायू प्रोटीनवर पोसतात. झालं, बेल्मिरोने सरळ त्रैराशिक मांडलं. मूठभर प्रोटीन म्हणजे मूठभर स्नायू, तर ढीगभर प्रोटीन म्हणजे ढीगभर स्नायू. शरीर आपल्याला लागेल तेवढंच कामाला लावतं आणि उरलेलं जाळून तरी टाकतं नाहीतर धुऊन बाहेर काढतं, हे त्याला वांदेर्लेईनेच दहादा सांगून पाहिलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी कढईभर अंड्यांचं पांढरं, मग कोंबडी, मग डब्यातली पावडर पाण्यात हलवून, मग पुन्हा कोंबडी, दुपारी मासा, संध्याकाळी गाईचं मांस, आणि झोपताना चीज, कारण झोपेत स्नायूंना एकटं वाटू नये.

याची किंमत कोण मोजायचं? आम्ही. एवढं प्रोटीन आत गेलं की शरीर त्याचा गाळ धुवायला पाणी मागतं. बेल्मिरो कळशीने पाणी प्यायचा आणि दर चार घरांनी गाडी थांबवायचा. गिऱ्हाइकांच्या नावांपेक्षा त्याला गिऱ्हाइकांचे संडास जास्त पाठ होते. अंग तापलेलं असायचं. आमच्याकडे थंडी जुलैत पडते, त्या थंडीत आम्ही दोन-दोन गोधड्या घेऊन कुडकुडत असताना हा उघडा, फरशीवर. पोटाचं तर विचारू नका. तीन दिवस कुलूपबंद, आणि चौथ्या दिवशी काय ते एकदम. शिवाय वारा. दोन्ही काचा खाली असल्या तरी बायका ट्रे घेताना श्वास धरून हात लांब करायच्या आणि सुटे पैसे राहू दे म्हणून पळायच्या. भूक म्हणजे काय हे मात्र तो विसरून गेला होता. वेळ झाली की खायचा, जसं वेळ झाली की गाडीत तेल घालतात.

आणि हे सगळं ज्या घरात चालायचं ते घर झुल्मिराताईचं.

झुल्मिरा त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा बेल्मिरो सहा वर्षांचा होता आणि ही सतरा. बाप त्याआधीच कुठल्याशा ट्रकवर गेला तो गेलाच. झुल्मिराने शाळा सोडली, घरच्या भट्टीत चीजचे पाव भाजून विकायला सुरुवात केली आणि भावाला वाढवलं. ताटात मांसाचा एकच तुकडा असला तर तो बेलूच्या ताटात जायचा आणि ही म्हणायची, मला मांस सोसत नाही. ते खोटं होतं हे बेल्मिरोला पुढे वीस वर्षांनी कळलं, एका लग्नात तिला मांस खाताना पाहून. त्या दिवशी तो हात न धुता मांडवाबाहेर जाऊन रडला होता. तिने लग्न केलं नाही. जिभेला मात्र तिने कधी सुट्टी दिली नाही.

चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, खुर्चीत पडायचं आणि यंत्राकडून रक्त धुऊन घ्यायचं. पाणी तर शिक्षाच. आत गेलेलं बाहेर निघायची सोयच उरली नव्हती, म्हणून दिवसाला पेलाभर, त्यात औषधंही आली. ती बर्फाचा खडा गालात धरून भट्टीसमोर बसायची आणि समोर भाऊ घटाघट बाटल्या रिकाम्या करून लघवीला धावायचा. देवाच्या दारी न्याय आहे म्हणणाऱ्यांनी एकदा तरी या घरी यायला हवं होतं.

गंमत अशी की त्या यंत्रात रक्ताबरोबर प्रोटीनही थोडंथोडं वाहून जातं, म्हणून तिलाही डॉक्टरांनी अंड्याचं पांढरं खायला सांगितलं होतं. पिवळं मात्र बेताने. म्हणजे घरात पांढरं खाणारी तोंडं दोन, आणि पिवळं खाणारं कुणीच नाही. हे पिवळं शेजारच्या कोतिन्याकाकू भांडंभर घेऊन जायच्या आणि त्यात साखर, खोबरं घालून त्याचे पिवळेधमक किंजिम करून विकायच्या. एका माणसाने स्नायू कमवावेत म्हणून आख्खी गल्ली गोड खाऊन जाड होत चालली होती.

भावाची किडनी बहिणीला जुळते हे कळल्यावर बेल्मिरोने लगेच सांगून टाकलं, माझी घ्या. झुल्मिरा दोन वर्षं नाही म्हणत राहिली. ज्याचं नाक मी पुसलं त्याचं पोट माझ्यासाठी फाडायचं नाही, हे तिचं म्हणणं. पण यंत्रावरून उतरल्यावर जिना चढताना ती तिसऱ्या पायरीवर बसायला लागली, आणि एकदा बसलेली तिथेच झोपली. मग ती कबूल झाली. कबूल झाली ती अट घालून.

“हा तुझा हावरटपणा बंद,” ती म्हणाली. “पावडर नाही, कळशीभर पाणी नाही, कोंबड्यांचं निर्वंशीकरण नाही. माणसासारखा भात खा. मला तुझी शिजून कडक झालेली किडनी नको आहे.”

“बंद, ताई.”

“आईची शपथ घे.”

बेल्मिरोने आईची शपथ घेतली. घेताना तो खरंच बोलत होता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण तपासणीची तारीख आली आणि त्याच्यातला उबेराबाकर जागा झाला. या गावात जनावर प्रदर्शनात न्यायचं असलं की महिनाभर आधीपासून त्याला खुराक चालू होतो. वाळलेलं जनावर रिंगणात नेणं म्हणजे मालकाची अब्रू गेली. आता इथे तर ताईच्या जिवाचा प्रश्न, आणि डॉक्टर त्याची किडनी पारखणार. ती काय हडकुळी, केविलवाणी दाखवायची? बेल्मिरोच्या मते किडनी म्हणजे पाठीच्या आतल्या बाजूचा स्नायूच. दंडाला जे मानवतं ते तिला का मानवू नये? शपथ मोडतेय हे त्याला कळत होतं. पण आईलाही हेच हवं असतं, असं त्याने आईच्या वतीने ठरवून टाकलं.

घरात तो ताईसमोर शहाण्यासारखा भात आणि घेवड्याची उसळ खायचा. मग गाडी घेऊन निघायचा, कब्रस्तानच्या भिंतीआड लावायचा आणि दुसरं जेवण सुरू करायचा. उकडलेल्या अंड्यांची टरफलं तो पिशवीत भरून दुसऱ्या वस्तीत टाकायचा, चोरासारखा. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने वांदेर्लेईकडे किलोभर मांस भाजून खाल्लं, आणि सकाळी रक्त द्यायच्या आधी, रक्त जरा खेळतं व्हावं म्हणून, तासभर पायांचा व्यायाम केला.

रिपोर्टात आकडा थोडा जास्त आला. डॉक्टर हेलोईझा म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. बेल्मिरोने याचा अर्थ काढला की खुराक कमी पडला. त्या आठवड्यात कब्रस्तानच्या भिंतीआड जे खाणं झालं त्याचं वर्णन मी करत नाही. वांदेर्लेईने वरून कसलीशी आणखी एक पावडर दिली, ताकद वाढवणारी, तीही त्याने दुप्पट घेतली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

दुसऱ्या रिपोर्टाच्या वेळी झुल्मिरा बरोबर होती. डॉक्टर हेलोईझा तिशीच्या, सौम्य आवाजाच्या, पण नजर पक्की. कागद खाली ठेवून त्यांनी बेल्मिरोला विचारलं की जेवण कसं असतं. मांस किती, अंडी किती, काही पावडरी वगैरे? झुल्मिराने मान वळवून भावाकडे पाहिलं. ती नजर ज्याने लहानपणी सोसली आहे त्यालाच बेल्मिरोची अवस्था कळेल.

“सगळ्यांसारखंच,” तो म्हणाला. “भात, घेवडा. कधीमधी कोंबडीचा तुकडा.”

डॉक्टरांनी त्याचे दंड पाहिले. “हे भातावर?”

“अंड्यांचे ट्रे उचलतो, डॉक्टरीणबाई.”

ट्रे उचलून असे दंड होत असते तर देशातली सगळी अंडीवाली माणसं पैलवान झाली असती. डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारलं, अगदी खरं सांगा म्हणून. बेल्मिरोने तेच सांगितलं. यंत्रासमोर दोनदा ताठ बसलेला माणूस बहिणीच्या एका नजरेपुढे सपाट झाला. मग डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की रक्तात गाळ फार साचतोय. भाताघेवड्यावर राहणाऱ्या माणसात हे दिसत असेल तर त्याच्या किडन्याच थकल्या असाव्यात, अशा माणसाची एक काढून घेणं म्हणजे त्यालाही यंत्रावर नेऊन बसवणं. आत्ता तरी घेता येणार नाही. त्याने स्वतःच्या तब्येतीकडे बघावं.

येताना गाडीचा कर्णासुद्धा बंद होता. बेल्मिरोच्या मनात एकच घोळत होतं की खाऊन खाऊन मी ताईची किडनी जाळली. स्वतःची त्याला पडली नव्हती. ती किडनी त्याने मनाने केव्हाच तिच्या नावावर केली होती, आणि दुसऱ्याची वस्तू आपण फोडून ठेवावी तसा तो मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. सांगावं, तर ताई काय म्हणेल? न सांगावं, तरी किडनी थोडीच परत येणार आहे? म्हणून तो गप्प बसला.

आणि इथून पुढे झुल्मिराने जे आरंभलं त्याने तो पुरता वेडा व्हायची पाळी आली. आपलं दुखणं ती विसरली. बेलूलाही आपल्यासारखंच झालंय, घराण्यातच असणार, हे तिने मनाशी पक्कं केलं. चार वर्षांत शिकलेली सगळी पथ्यं तिने भावावर लावली. घेवडा दोनदा उकडून पाणी फेकायचं. मीठ नाही. केळं नाही. चीजला हात लावला तर हात तोडीन. पाणी पेल्याने. ती स्वतः थकून तिसऱ्या पायरीवर बसायची आणि तिथून ओरडून विचारायची, आज पाय सुजलेत का रे? रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती आधी स्वतःसाठी लागायची, ती आता त्याच्यासाठी लागू लागली. कोतिन्याकाकू भांडं घेऊन पिवळं मागायला आल्या तर तिने त्यांना दारातूनच सांगितलं की या घरात आता अंडं फुटणार नाही. बेल्मिरो मुकाट्याने अळणी भात गिळायचा. भीतीने त्याने चोरून खाणंही सोडलं होतं, जिमही सोडली होती. कब्रस्तानच्या भिंतीकडे नुसतं बघितलं तरी त्याला कसंतरी व्हायचं.

एका गुरुवारी तो तिला आणायला डायलिसिसच्या हॉलमध्ये गेला. तिचं अजून संपायचं होतं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिने आपली शाल टाकून ठेवली होती. नर्सने ती उचलायला हात घातला तर झुल्मिरा तिला म्हणत होती की राहू दे बाई. ही खिडकीजवळची आहे, इथे ऊन येतं. पलीकडचे म्हातारेबुवा गेले तशी ही रिकामी झालीय, आता माझ्या भावाला लागेल. त्याला एकट्याला भीती वाटते, लहानपणापासूनच. आम्ही दोघं शेजारी बसू.

बेल्मिरो दारात उभा होता. तो पुढे झाला आणि तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

“ताई, मी खाल्लं.”

“काय खाल्लं?”

“सगळं. शपथ घेतल्यावर. भिंतीआड गाडी लावून. अंडी, मांस, पावडर. आदल्या दिवशी किलोभर मांस. किडनीला ताकद यावी म्हणून.”

झुल्मिराच्या हातात नळ्या होत्या, त्यातून लाल रक्त जात-येत होतं. “प्रदर्शनाचा बैल केलास होय तिला?” ती म्हणाली. “जवळ ये. मला उठता येत नाही.”

तो जवळ सरकला आणि त्याने मान खाली घातली. मोकळ्या हाताने तिने त्याच्या कानफटात अशी एक वाजवली की हॉलमधली झोपलेली सगळी माणसं जागी झाली. मग त्याच हाताने तिने त्याचं डोकं आपल्या कुशीत ओढून घेतलं आणि दोघंही रडायला लागली. नर्स आधी घाबरली, मग तीही डोळे पुसत यंत्राचे आकडे बघू लागली, कारण झुल्मिराचं ब्लडप्रेशर चढलं होतं.

डॉक्टर हेलोईझांनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या चिडल्या, आणि अगदी रास्त चिडल्या. मी दोनदा विचारलं होतं, म्हणाल्या. मग तोंडावर कागद धरून हसल्या. मग त्यांनी त्याला समजावलं. किडनी म्हणजे दंड नव्हे. तिच्यावर जास्त ओझं टाकलं म्हणून ती फुगून बक्षीस मिळवत नाही, बिचारी नुसती जास्त राबते. प्रोटीनचा गाळ वाढला की रक्तात एक आकडा वाढतो. मोठे स्नायू, भाजलेलं मांस, व्यायाम आणि ती दुसरी पावडर, या सगळ्यांनी दुसरा आकडा वाढतो. किडनी ठणठणीत असली तरी वाढतो. तुम्ही किडनीचा रिपोर्ट नाही आणलात, आपल्या जेवणाचा आणलात.

“म्हणजे जळली नाही?” बेल्मिरोने विचारलं.

“ते आता बघू. तुमच्या बोलण्यावरून नाही, तपासून.”

दोन आठवडे साधं जेवण, आदल्या दिवशी मांस वर्ज्य, लोखंडाला हात नाही. शिवाय स्नायूंशी जिचं देणंघेणं नाही अशीही एक तपासणी करायची. तारीख निघाली ती नेमकी स्पर्धेच्या आदल्या दिवसाची. उबेराबात पहिल्यांदाच नैसर्गिक गटाची स्पर्धा भरणार होती, गुरांच्या प्रदर्शनाच्या त्याच हॉलमध्ये. वर्षभर बेल्मिरो तिचीच स्वप्नं बघत होता. पंचेचाळीस आणि त्यावरच्यांचा गट, गावची माणसं, आणि ती हात मागे बांधून हिंडणारी म्हातारी मंडळी पहिल्या रांगेत. दोन आठवडे भातावर राहून तिथे उभं राहणं म्हणजे हसं करून घेणं. आणि किडनी दिल्यावर तो ढीगभर खुराक जन्मात पुन्हा घ्यायचा नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. उरलेल्या एका किडनीला दोघींचं काम पडणार, तिला उगाच राबवायची नाही.

झुल्मिराने सांगितलं, तुझी स्पर्धा होऊन जाऊ दे, महिना-दोन महिन्यांनी तपासणी कर. मी काही कुठे पळत नाही. हे ती तिसऱ्या पायरीवर बसून सांगत होती.

“मी पण कुठे पळत नाही,” बेल्मिरो म्हणाला आणि तिला उचलून वर घेऊन गेला. एवढी वर्षं लोखंड उचलून कमावलेल्या ताकदीचा हा पहिला खरा उपयोग, असं त्याला त्या क्षणी वाटलं आणि बरं वाटलं. पण वाईट वाटलं नाही असं नाही. रात्री आरशासमोर त्याने एकदा छाती फुगवून पाहिली आणि आरशाकडे पाठ करून झोपला.

तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती आणि बेल्मिरो घरी भात खात होता. भातावर घेवडा, त्यात मीठ, ताईने पथ्य उठवलेलं. अर्धं ताट झाल्यावर तो थांबला आणि आश्चर्याने पोटावर हात ठेवून म्हणाला की मला भूक लागलीय. जेवताना भूक लागते हे त्याला नवीनच होतं. कोतिन्याकाकूंनी किंजिम आणलं होतं, त्याने ते सहा-सात वर्षांत पहिल्यांदा खाल्लं. खाऊन झाल्यावर काही न बोलता दुसरं उचललं. वांदेर्लेई संध्याकाळी सांगायला आला की पंचेचाळीशीच्या गटात दोनच माणसं उतरली होती, त्यातला एक यंत्रासमोर बसायच्या आधीच घरी गेला. म्हणजे जाऊन नुसता उभा राहिला असता तरी बेल्मिरोचा दुसरा नंबर नक्की. बेल्मिरोने त्याला तिसरं किंजिम दिलं आणि विषय बदलला.

रिपोर्ट आला तो स्वच्छ. एकदा नव्हे, दोनदा तपासून स्वच्छ. डॉक्टर हेलोईझा म्हणाल्या, किडनी उत्तम आहे, इतक्या वर्षांच्या तुमच्या प्रेमातून ती वाचली हे तिचं नशीब. माझं मत विचाराल तर नशीब कमी आणि रोजचं ते कळशीभर पाणी जास्त. पण मी डॉक्टर नाही.

ऑपरेशन झालं. भूल उतरल्यावर बेल्मिरोला पहिलं कळलं ते हे, की पोटाचे जे चौकोन त्याने इतकी वर्षं घासून-घासून काढले होते ते आता खोकलं तरी जीव घेतात. शिंक आली तर तो उशी पोटाशी धरून देवाचा धावा करायचा. ताई दुसऱ्या टोकाच्या खोलीत होती. तिची तब्येत बरी आहे, नळी घातलीय, किडनी काम करतेय, असं त्याला सांगत होते. पण नळीतलं, पिशवीतलं, आकड्यांतलं काम त्याला पटत नव्हतं. आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडालाच होता.

पाचव्या दिवशी त्याला खोलीबाहेर चालायची परवानगी मिळाली तसा तो भिंतीला धरून, पोटावर हात दाबून, इंच-इंच करत तिच्या खोलीपर्यंत गेला. पलंग रिकामा होता. नळी तर सकाळीच काढली, नर्स म्हणाली, आणि संडासाच्या बंद दाराकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवलं. आत आवाज नव्हता. बराच वेळ नव्हता. बेल्मिरो दाराशी उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास धरलाय.

मग आतून बारीक धार लागल्याचा आवाज आला. थांबला, आणि पुन्हा लागला, चांगला जोरात.

“बेलू?” आतून झुल्मिराचा आवाज आला. “बाहेर तू आहेस का?”

“आहे, ताई.”

“ऐकू येतंय?”

“येतंय.”

“चार वर्षं झाली रे,” ती म्हणाली, आणि मग तिला पुढचं बोलता येईना. हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. धार मात्र चालूच होती. बेल्मिरोला टाक्यांमुळे ना हसता येत होतं ना रडता, म्हणून त्याने दाराला कपाळ टेकलं आणि ती थांबेपर्यंत तो तसाच ऐकत उभा राहिला.